वैमानिक वेलिणकर आणि नावाचा हक्क



आपल्या करवीर तालुक्यातील बीड हे गाव वीरगळांसाठी प्रसिद्ध आहे. लढाईत पडलेल्या माणसासाठी उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. खालच्या कप्प्यात झुंज कोरलेली असते, मधल्या कप्प्यात अप्सरा त्या वीराला वर नेत असतात, वरच्या कप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करीत असतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य आहेत तोवर याची आठवण राहील, असे तो दगड सांगतो. परंतु बहुतेक वीरगळांवर नाव नसते. आठवण राहिली, पण माणूस कोण होता ते गेले.

हाच प्रश्न मनाशी धरून मी आज एका मराठी वैमानिकाची हकीगत आपल्यापुढे मांडणार आहे. त्याचे नाव श्रीकृष्ण वेलिणकर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात लढाऊ विमान चालविणारे जे मोजके हिंदी तरुण होते, त्यांत चार नावे घेतली जातात : हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन आणि हा मुंबईचा वेलिणकर. पहिल्या दोघांविषयी थोडेफार लिहिले जाते. वेलिणकरांचे नाव मात्र महाराष्ट्रातदेखील फारसे कोणी घेत नाही.

वेलिणकर २४ ऑक्टोबर १८९४ रोजी मुंबईत जन्मले. पुढे ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकले. युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी विमानविद्या शिकून घेतली आणि हवाई दलात अधिकारी म्हणून अर्ज केला. त्यावर त्यांना जागा देऊ करण्यात आली ती मेकॅनिकची. मी माझे आयुष्य यंत्रावर काम करणाऱ्या माणसांत काढले आहे, तेव्हा मेकॅनिकच्या कामात कमीपणा आहे असे मी कधीच म्हणणार नाही. विमान उडते ते आधी त्याच्या हातावर आणि मग वैमानिकाच्या हातावर. पण येथे कामाची वाटणी कौशल्यावरून झाली नव्हती, कातडीच्या रंगावरून झाली होती. अधिकारपद शुद्ध युरोपीय वंशाच्या माणसासाठी, असा तो दंडक होता. माणसांची तूट पडू लागली आणि ओळखीच्या काही इंग्रजांनी रदबदली केली, तेव्हा हा दंडक थोडा वाकला. १९१७ साली वेलिणकरांना अधिकारपद मिळाले.

ते २३व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. या स्क्वाड्रनकडे १९१८ च्या वसंतात सॉपविथ डॉल्फिन जातीची विमाने आली. सांगाडा लाकडाचा, त्यावर ताणलेले तागाचे कापड आणि कापड घट्ट बसावे म्हणून त्यावर दिलेला रोगणाचा लेप, असे ते यंत्र. इंजिन सुमारे २०० अश्वशक्तीचे, बैठक एकाच माणसाची. वरचा पंख इतका खाली बसविलेला होता की वैमानिकाचे डोके पंखाच्या चौकटीतील मोकळ्या जागेतून वर निघे. त्यामुळे वरचे आकाश स्वच्छ दिसे. पण उतरताना विमान उलटले, तर पहिला मार त्या डोक्यालाच बसे.

उद्यमनगरातील आपल्या कारागिरांना आवडेल अशी एक गोष्ट त्या काळच्या विमानांत होती. बंदूक वैमानिकाच्या समोर आणि तिच्यापुढे गरगरणारा पंखा. गोळी सुटली तर पंख्याचे पाते फुटायचे. म्हणून बंदुकीचा चाप इंजिनाच्या फिरण्याशी जोडून टाकला. पाते समोरून सरले की मगच गोळी सुटे. रुमानियन अभियंता कॉन्स्टँटिनेस्को याने हे काम नळीत कोंडलेल्या तेलाच्या दाबाने साधले आणि १९१७ पासून ब्रिटिश विमानांत ही युक्ती वापरात आली. एवढी बुद्धी मारण्याच्या कामी खर्ची पडली. वाचविण्याचे साधन मात्र ब्रिटिश विमानातील माणसाला दिले गेले नाही. टेहळणीच्या फुग्यात बसणाऱ्यांना हवाई छत्री मिळे, विमानचालकाला ती मिळत नसे. विमान पेटले तर पेटत्या विमानातच बसून राहणे किंवा उडी टाकून मरणे, एवढीच निवड त्याच्या हाती असे.

२७ जून १९१८ रोजी वेलिणकर उड्डाणावर गेले, ते परतलेच नाहीत. ‘बेपत्ता’ एवढीच नोंद झाली. प्रत्यक्षात ते जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडले होते आणि ३० जूनला त्यांचा अंत झाला. वय २३ वर्षे. जर्मनांनी त्यांना रीतीप्रमाणे पुरले, पण थडग्यावर नाव लिहिताना वेलिणकरचे ‘वुमकर’ झाले. परदेशी लेखनिकाला हे आडनाव कोठून कळणार ? परंतु त्या एका चुकीमुळे लढाई संपल्यानंतरही घरच्यांना आपला मुलगा कोठे आहे हे कळेना. पुढे कागदपत्रे ताडून पाहिली तेव्हा हा ‘वुमकर’ म्हणजेच वेलिणकर, असे ठरले. आज फ्रान्सच्या सोम भागातील हँगार या गावच्या स्मशानात त्यांच्या खऱ्या नावाचा दगड उभा आहे.

मंडळी, नावातील दोन अक्षरांची चूक ही क्षुल्लक गोष्ट आहे असे कोणास वाटेल. मला तसे वाटत नाही. एका कारखान्यातील कामगार वारला. मस्टरवर त्याचे नाव एक आणि भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर दुसरे. त्याच्या विधवेबरोबर मी दीड वर्ष खेटे घातले. तिने वीस वर्षे त्याचा डबा भरला होता आणि हा माणूस तोच, हे तिला परक्यांपुढे सिद्ध करावे लागत होते. पैसे अखेर मिळाले. पण बाई म्हणाल्या, “दादा, पैशापेक्षा ते नाव नीट झालं हे बरं झालं.” वेलिणकरांच्या घरच्यांना काय वाटले असेल, ते मला त्या दिवशी समजले.

वेलिणकरांना निदान शेवटी नाव मिळाले. त्यांच्याच युद्धात मेसोपोटेमियात पडलेल्या आपल्या मराठा शिपायांचे काय झाले ? बसरा येथे या मोहिमेचे मोठे स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. पण हिंदी शिपायांचा उल्लेख पलटणीवार केवळ आकड्यांनी केला. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कोकणातील अनेक गावांत संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामास आले, एवढेच त्या सांगतात. ब्रिटिशांच्या युद्धकबर आयोगाचे तत्त्व असे की अधिकारी आणि शिपाई यांचे दगड सारखेच असावेत. तत्त्व थोर होते. परंतु आशिया आणि आफ्रिकेतील निदान १,१६,००० मृतांची नावानिशी आठवण ठेवली गेली नाही, ही संख्या कदाचित साडेतीन लाखांपर्यंतही जाईल, असे त्याच आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालात मान्य केले आहे. शंभर वर्षांनी का होईना, हिशेबाची वही उघडली गेली.

कोणी विचारील, परक्या साम्राज्यासाठी लढलेल्या माणसाचे गुणगान आपण का करावे ? प्रश्न रास्त आहे. मी त्या साम्राज्याची बाजू घ्यावयास उभा राहिलो नाही. ते युद्ध बाजारपेठा आणि वसाहती यांच्यासाठी झाले आणि मेले ते बहुतांशी गरिबांचे मुलगे. पण मालक वाईट म्हणून त्याच्याकडे राबलेल्या माणसाचे नाव पुसावयाचे नसते. शिवाय वेलिणकरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. हिंदी माणसाला विमान पेलत नाही, हे म्हणणे त्यांनी खोटे पाडले. इंद्रलाल रॉय याने जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमानांवर विजय मिळविला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो पडला, वय अवघे १९. भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झाले, त्यामागे या मुलांचा पुरावा होता.

दुसऱ्या महायुद्धात आणि १९४७–४८ च्या काश्मीरच्या लढाईत विमान चालविणारे हृषीकेश मुळगावकर हे महावीरचक्राचे मानकरी झाले. १९७६ ते १९७८ या काळात ते हवाई दलाचे प्रमुख होते, आणि पुष्कळ वय भोगून २०१५ साली वारले. आपल्या कोल्हापुरातही १९४६ साली हवाई दलाची तिसरी स्क्वाड्रन होती आणि टेंपेस्ट जातीची लढाऊ विमाने तिने येथेच प्रथम घेतली. ज्या वाटेने हे सारे गेले, ती वाट मेकॅनिकची जागा देऊ केलेल्या एका मुंबईकर मुलाने तुडविलेली होती.

तेव्हा आपणांस माझी एवढीच विनंती आहे. आपल्या मूळ गावी अशी पाटी असेल तर पुढच्या जत्रेला जाल तेव्हा तिच्यापुढे उभे राहा. त्या आकड्यातील माणसे कोणाच्या घरातली होती, हे म्हाताऱ्यांना विचारा. जी नावे सापडतील ती वहीत लिहून ठेवा, आणि लिहिताना अक्षर चुकू देऊ नका.