गोव्याचा धडा : बोलणी, बंदूक आणि बाबासाहेब

मुंबई-गोवा महामार्ग पनवेल तालुक्यातल्या पळस्प्याहून दक्षिणेला निघतो. पनवेलचेच हिरवे गुरुजी १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या गोळीला बळी पडले. म्हणून बलाढ्य राष्ट्राने परक्या सत्तेशी बोलत राहावे की सैन्य धाडावे, हा वाद गव्हाणच्या शिक्षकाला वा कार्यकर्त्याला दूरचा नाही. व्हिएतनाम, इराक यांच्या निमित्ताने तो आपण ऐकतो; पण आपल्या देशानेही तो चौदा वर्षे घातला आहे. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेली भूमिका नीट तपासली पाहिजे.

आधी घटना पाहू. फेब्रुवारी १९५० मध्ये भारत सरकारने पोर्तुगालकडे बोलणी सुरू करण्याचा प्रस्ताव पाठवला. पोर्तुगालने चर्चेलाच नकार दिला. १९५१ मध्ये सालाझारच्या राजवटीने राज्यघटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवले. म्हणजे गोवा वसाहत नव्हेच, मग सोडायचे काय? १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून गेले. गोळीबारात वीसहून अधिक माणसे ठार झाली. मग नाकेबंदी आली. सैन्य गेले ते डिसेंबर १९६१ मध्ये, आणि सुमारे छत्तीस तासांत, १९ डिसेंबरला, पोर्तुगीज गव्हर्नर जनरल शरण आला.

नेहरूंच्या सबुरीमागे विचार नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोठ्या देशाने शेजारचा लहान तुकडा बळाने घेतला, तर जगाला शांतता शिकवण्याचा त्याचा अधिकार जातो, ही भीती खरी होती. शिवाय १९५४ मध्ये फ्रान्सने पाँडिचेरी बोलण्यांतूनच भारताकडे सोपवली होती. परंतु फ्रान्समध्ये संसद होती, मतदार होता, आणि त्याच वर्षी इंडोचायनातल्या पराभवाने वसाहतीची किंमत त्या देशाला कळली होती. सालाझारला विचारणारे कोणी नव्हते, आणि ‘नाटो’ची मैत्री पाठीशी होती. एकाशी फळलेली बोलणी दुसऱ्याशी का फळली नाहीत, याचे उत्तर बोलणाऱ्याच्या सौजन्यात नसून समोरच्याच्या गरजेत आहे. ज्याला नकाराची किंमत मोजावी लागत नाही, तो होकार कशाला देईल? सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहून थकलेल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना बाबासाहेबांनी हेच सांगितले. सुरुवातीलाच ठाम पाऊल उचलले असते, तर किरकोळ पोलिस कारवाईने गोवा मिळाला असता. नुसती ओरड करत राहिल्याने पोर्तुगालला तेथे फौज आणायला सवड मिळाली, असा त्यांचा आक्षेप होता. एवढ्यावरून त्यांना युद्धाचे पुरस्कर्ते ठरवणे मात्र चूक आहे. १९५१ मधल्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले होते की, ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे १८० कोटी रुपये लष्करावर जातात. परराष्ट्र धोरणाने मित्र उरले नाहीत म्हणून हा बोजा एकट्याने उचलावा लागतो, हे त्यांचे निदान होते. म्हणजे मुत्सद्देगिरी फसली की तिचे बिल सैन्याच्या खर्चातून येते, आणि ते उपाशी माणसाच्या ताटातून वसूल होते.

या दोन्ही भूमिकांत विसंगती नाही. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात बाबासाहेब सिंह सेनापतीचा प्रसंग सांगतात. शांततेचे सारे उपाय थकले असतील, तर हिंसेची जबाबदारी युद्ध सुरू करणाऱ्यावर पडते. दुष्ट शक्तीपुढे शरण जाऊ नये, पण युद्ध स्वार्थासाठी नसावे, असा त्याचा आशय आहे. यातून तीन कसोट्या निघतात. उपाय खरोखर थकले होते काय? बळाचा हेतू कोणाचा लाभ? आणि विजयानंतर सत्ता कोणाच्या हाती गेली?

गोव्याला या कसोट्या लावू. पहिलीवर चौदा वर्षांचा नकार साक्ष देतो. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही गोवा हा स्वयंशासित नसलेला प्रदेश मानला. तरी सनद बळाच्या वापराला मनाई करते. सुरक्षा समितीत युद्धबंदीच्या ठरावाला ७ मते पडली, ४ विरोधात गेली, आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो फेटाळला गेला. सनदेचा हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीचे उत्तर नंतरच्या वर्षांत मिळते. १९६३ मध्ये निवडणूक झाली, बहुजनांच्या पाठिंब्यावर दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १९६४ मध्ये कुळकायदा आला. १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रातले विलीनीकरण नाकारले आणि दिल्लीने ते मान्य केले. इराकमध्ये २००३ साली जी शस्त्रे नष्ट करायला अमेरिका गेली, ती सापडलीच नाहीत. तिथे पहिल्याच कसोटीवर निकाल लागतो.

तरीही गोव्याची मुक्ती पूर्ण झाली असे आपण म्हणू शकत नाही. कोमुनिदादीच्या गावजमिनीत वंशपरंपरेने हक्क असलेले गावकार पोर्तुगीज जाऊनही गावकारच राहिले. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी असलेल्या मुंडकाराला हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ मध्ये आला. झेंडा छत्तीस तासांत बदलतो. घराखालची जमीन मिळायला पिढी जाते.

आणि ही कसोटी फक्त परराष्ट्राला लावायची नसते. जानेवारी १९८४ मध्ये गव्हाणपासून जवळ, जासई-न्हावाशेवा भागात, जमिनीचा रास्त मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच माणसे गेली. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व शासनाने पुढे मान्य केले. जे शेवटी मान्यच करायचे होते, त्यासाठी आधी गोळी का? सालाझारशी चौदा वर्षे बोलू पाहणारे राज्य आपल्याच शेतकऱ्याशी बोलताना इतके उतावळे का होते? परराष्ट्र धोरणावर बोलणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आधी घरात विचारावा.