सुनीत थेर यादीतून का गळाले? : दोन खुणांमधील पाठ वेचण्याची रीत

इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाच्या तिपिटकाचा पाठ संगणकावर आणून १९९७ मध्ये त्याची पहिली सीडी प्रसिद्ध केली. त्यामुळे जळगाव वा धुळे येथील अभ्यासकालाही संपूर्ण तिपिटक घरबसल्या शोधता येते. मात्र शोध म्हणजे केवळ एखादा शब्द सापडणे नव्हे. पुष्कळदा हवा असलेला मजकूर आपणांस ठाऊक नसतो. ठाऊक असतात त्या त्याच्या अलीकडील व पलीकडील खुणा. अशा वेळी रेग्युलर एक्स्प्रेशन उपयोगी पडते. या संकल्पनेचा गणिती पाया स्टीफन क्लीनी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात आढळतो. पुढे १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती मजकूर-शोधासाठी वापरली.

थेरगाथेचे उदाहरण घेऊ. गाथा संपल्यावर तेथे ‘आयुष्मान अमुक थेरांनी ही गाथा म्हटली’ अशा अर्थाचे समाप्तिवाक्य येते. त्यात ‘आयस्मा’ ही अलीकडची खूण, ‘थेरो’ ही पलीकडची आणि मध्ये थेरांचे नाव. नियम असा लिहावा :

आयस्मा (.*?)थेरो

येथे टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह, तारा म्हणजे ते कितीही वेळा, आणि कंस म्हणजे वेचून घ्यावयाचा भाग. प्रश्नचिन्हाचे महत्त्व विशेष आहे. समजा, जळगाव–धुळे गाडीच्या अनेक फेऱ्यांची नोंद एका ओळीत सलग लिहिली आहे आणि आपणांस प्रत्येक फेरीतील एरंडोल ते धुळे एवढाच भाग हवा आहे. प्रश्नचिन्ह नसेल तर नियम अधाशी होतो : पहिल्या एरंडोलपासून शेवटच्या धुळ्यापर्यंत सर्व फेऱ्या तो एकदम गिळतो. प्रश्नचिन्ह असले की तो पहिल्याच धुळ्याला थांबतो.

‘थेरो’च्या आधी जागा सोडलेली नाही, तीही सहेतुक. ‘सुभूतित्थेरो’ हे पद जोडून लिहिलेले असते. जागेची अट घातल्यास सुभूती थेर सुटतात. अट नसल्यामुळे ‘सुभूतित्’ एवढे हाती लागते. शेवटचा ‘त्’ मागाहून काढावा.

एवढे करूनही सुनीत थेर यादीत येत नाहीत. याचे कारण पाठाच्या मुद्रणपद्धतीत आहे. आरंभीच्या गाथांनंतर समाप्तिवाक्य पूर्ण दिले आहे. पुढे बहुतेक ठिकाणी पुनरुक्ती टाळण्यासाठी केवळ ठिपके, नाव आणि ‘थेरो’ एवढेच छापले आहे. तेथे ‘आयस्मा’ ही खूणच नाही. नियम चुकला असे संगणक सांगत नाही. तो सापडलेली नावे देऊन थांबतो. नीच मानलेल्या कुळात जन्मलेले, वाळलेली फुले झाडून टाकणारे सुनीत अशा रीतीने निमूटपणे वगळले जातात. ज्यांच्या दीक्षेचा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात आवर्जून दिला, त्यांचेच नाव आपल्या यादीतून गळावे, हा दोष लहान नव्हे.

उपाय सोपा आहे. अलीकडची खूण दोन प्रकारची मानावी :

(आयस्मा|…) *(.*?)थेरो

उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. नाव आता दुसऱ्या कंसात मिळेल. आपल्या प्रतीत ठिपके एकाच चिन्हाचे आहेत की तीन सुटी टिंबे आहेत, हे आधी पाहावे. सुटी टिंबे असल्यास प्रत्येकापूर्वी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. एरवी टिंबाचा अर्थ ‘कोणतेही चिन्ह’ असाच घेतला जाईल.

शेवटी पडताळा. थेरगाथेच्या अखेरीस थेरांची संख्या २६४ अशी ग्रंथातच नोंदली आहे. आपली यादी त्या संख्येशी ताडून पाहावी. कमी भरल्यास कोण सुटले, अधिक भरल्यास ‘थेरो’ हा शब्द आणखी कोठे आला, हे पाठ वाचूनच ठरवावे. खुणा आधी वाचनाने निश्चित कराव्यात, नियम नंतर लिहावा. हा क्रम पाळला तरच यंत्राने दिलेली यादी विश्वासार्ह ठरेल.