पिस्टनमधला विस्तव

हडपसर सोडून सोलापूर रस्त्याला लागलं की ट्रक-टेम्पोच्या ट्यूबची पंक्चर काढणारी दुकानं अजून दिसतात. दुकान म्हणजे चार पत्रे, हवेची टाकी, पाण्याने भरलेलं अर्धं कापलेलं पिंप आणि लाकडी ओंडक्यावर ठोकलेला एक स्क्रूचा शिकंजा. त्या शिकंज्यात जुन्या इंजिनाचा पिस्टन उलटा बसवलेला असतो. पोकळ बाजू वर, सपाट डोकं खाली. पुण्यात मी पाहिलेल्या घरगुती बनावटीच्या अवजारांमध्ये या पिस्टनइतकं विचारपूर्वक केलेलं दुसरं अवजार नाही.

काम असं चालतं. हवा भरलेली ट्यूब पिंपात थोडी थोडी बुडवत फिरवायची. बुडबुडे आले की तिथे खूण करायची, ट्यूब पुसून कोरडी करायची आणि भोकाभोवतीचं रबर कानशीने खरवडायचं. वरचा गुळगुळीत, जुना झालेला थर निघून आत काळंभोर ताजं रबर दिसेपर्यंत हात थांबत नाही. मग सोल्युशन लावायचं आणि ते सुकू द्यायचं. नवखा माणूस इथे घाई करतो. सोल्युशन ओलं असताना ठिगळ लावलं तर त्यातला द्रव आतच अडकतो आणि तापल्यावर फुगा येतो. कच्च्या रबराचा तुकडा कापताना कोपरे गोल करतात, कारण ठिगळ सुटायला सुरुवात कोपऱ्यापासूनच होते. त्यावर कागदाचा कपटा, म्हणजे रबर धातूला चिकटत नाही. त्यावर पिस्टन, आणि मग शिकंजा आवळायचा.

आता पिस्टनच्या वाटीत थोडं इंधन ओतून काडी लावतात. पूर्वी रॉकेल असायचं, आता जे मिळेल ते. ज्वाळा हातभर उठते, मिनिटाभरात बसते, मग निळसर होत विझते. कारागीर दरम्यान दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या चाकाचे नट सोडवत असतो. तो घड्याळ बघत नाही, थर्मामीटर तर नाहीच. "जास्त ओतलं तर ट्यूबच शिजते, दादा. कमी ओतलं तर संध्याकाळी गाडी परत दारात," एवढंच तो सांगतो. माप त्याच्या हातातल्या पत्र्याच्या झाकणात आहे. झाकणभर इंधन जळायला जेवढा वेळ आणि जेवढी उष्णता, तेवढीच त्या ठिगळाला हवी असते. इंधन संपलं की आग आपोआप विझते, पण शिकंजा लगेच सोडत नाहीत. दाब तसाच ठेवून पिस्टन निवू देतात. शेवटी ट्यूबला शंखजिरं चोळून ती टायरात जाते.

या पिस्टनमध्ये शेगडी, दाबयंत्र आणि घड्याळ अशी तिन्ही कामं एकत्र आली आहेत. तो अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असल्याने उष्णता सगळीकडे सारखी पसरवतो. इंजिनात असताना त्याने आयुष्यभर आगीचे तडाखे सोसलेले असतात, त्यामुळे इथली वाटीभर ज्वाळा त्याला काहीच नाही. गंधक मिसळून तापवलेलं रबर टिकाऊ होतं, हे चार्ल्स गुडइयरच्या 1839 मध्ये लक्षात आलं. टायर कारखान्यांमध्ये हीच क्रिया वाफेच्या मोठाल्या साच्यांत चालते. रस्त्याकडेला ती एका भंगार पिस्टनने होते आणि ठिगळ ट्यूबशी एकजीव होतं.

भंगार हा शब्दही इथे जपून वापरावा लागतो. टायर उचकटण्याच्या पट्ट्या ट्रकच्या मोडक्या पाट्यापासून घडवलेल्या असतात, कारण स्प्रिंगचं पोलाद वाकून परत सरळ होतं. साधी लोखंडी पट्टी वाकलेलीच राहते. अशा वस्तू शोधायला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी जावं. तिथे वस्तू निवडणारे कारागीर बघण्यासारखे असतात. वस्तू मुळात कशासाठी होती याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ती कशाची आहे, किती ताण घेईल, तापली तर काय होईल, हे ते बोटांनी चाचपतात.

पेठांमधल्या सायकलवाल्यांकडेही हीच नजर आहे. पत्र्याला खिळ्याने भोकं पाडून केलेली घासणी, छरे उचलायला जुन्या स्पीकरचं चुंबक, वाकवलेल्या आऱ्याचा आकडा. कॉटर पिन ठोकून काढताना क्रँकखाली पाइपचा तुकडा टेकू म्हणून देतात. घणाचा दणका त्या पाइपमधून थेट जमिनीत जातो, आतले छरे वाचतात. तो टेकू विकत मिळत नाही. ज्याने एकदा दणक्याने खराब झालेला बेअरिंगचा कोन पाहिला, त्याला तो सुचतो.

सायकलच्या वालट्यूबने तर मोठी मजल मारली. पुण्यात टेल्कोमध्ये अभियंता असलेल्या अरविंद गुप्ता यांनी 1978 मध्ये रजा घेतली आणि ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तिथे त्यांनी या रबरी नळीचे बारीक तुकडे काडेपेटीच्या काड्यांना जोडून भूमितीचे सांगाडे बनवले. चौकोन डगमगतो, त्रिकोण ताठ उभा राहतो, हे मूल स्वतःच्या हाताने दाबून बघतं. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी कितीतरी खेळणी मुलांपर्यंत पोहोचवली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सगळ्याच जुगाडाचं कौतुक मात्र करता येणार नाही. फ्यूज सारखा जातो म्हणून तिथे जाड तार पिळणं हाही जुगाडच, आणि त्याने घरं जळतात. तुटायला आलेली ब्रेकची तार तारेनेच बांधून गाडी पळवणं हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. चांगल्या कामचलाऊ युक्तीत कुठे थांबायचं तेही ठरलेलं असतं. पिस्टनमधला विस्तव झाकणभर इंधनाच्या पलीकडे जाऊ शकत नाही. फ्यूजमधली जाड तार नेमकी तीच मर्यादा काढून टाकते.

दुचाकींना ट्यूबलेस टायर आले तसं ट्यूबचं काम ओसरत चाललंय, आणि कारागिरांची पुढची पिढी दुसऱ्या धंद्यात गेली आहे. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या अशा घरोघरच्या वस्तू गोळा केल्या, म्हणून त्या घडवणाऱ्या अनामिक हातांची कारागिरी आज बाजीराव रस्त्यावरच्या संग्रहालयात आपल्याला पाहता येते. आपल्या काळातल्या या अवजारांचीही तशीच नोंद व्हायला हवी. 1854 पासून अभियांत्रिकी शिकवणाऱ्या या शहरात विद्यार्थ्यांची कमतरता नाही. त्यांनी एक सत्र या दुकानांना द्यावं. पिस्टनचं माप घ्यावं, झाकणात किती इंधन मावतं ते मोजावं, तापमानाचा आलेख काढावा, आणि त्या कागदावर कारागिराचं नाव त्याला विचारून लिहावं.