बिनतारी ओलमापक व त्याची बॅटरी

जमिनींतील ओल मोजून बिनतारी खबर देणाऱ्या ‘लोरा’ यंत्राची लहानशी बॅटरी कांहीं वर्षें पुरते. कारण तें बहुतेक वेळ निजलेलें असतें, व जागें झालें म्हणजे चारदोन आंकडे धाडून पुन्हां निजतें. ओल घटकेघटकेस बदलत नाहीं. तासाला एक खबर पुष्कळ झाली. उंच उसांत लहरी अडल्या कीं तीच खबर सावकाश, अधिक वेळ द्यावी लागते व बॅटरी खर्ची पडते. सबब एरियल पिकाहून उंच बांधावी.

खरी बचत मात्र पंपाची. ५ अश्वशक्तीचा पंप तासास सुमारें ४ युनिटें वीज खातो. ओल पाहूनहि ज्यांस पाण्याची पाळी टाळावयाची नाहीं, त्यांनीं हें यंत्र घेऊं नये, असें आम्हांस वाटतें. संपलेली बॅटरी बांधावर टाकूं नये. ती परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या सरकारी नियमांनीं उत्पादकावर घातली आहे.