शहराचे पुनरुज्जीवन : मोजावे कसे?

तुमच्या घरातले स्टेनलेस स्टीलचे ताट पाहा. असे न गंजणारे पोलाद १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांनी इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात तयार केले. पोलाद आणि सुऱ्या-कात्र्या यांवर हे शहर पिढ्यान् पिढ्या जगले. पण १९७० नंतरच्या काळात तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. त्यात १९९० साली शहराच्या कडेला, एका जुन्या पोलाद-कारखान्याच्या जागेवर, मेडोहॉल नावाचा प्रचंड बाजार उघडला. सारी दुकाने एका छपराखाली आणि मोटार उभी करायला फुकट जागा! मग मधल्या जुन्या पेठेत कोण जाणार? तिची रया गेली.

यावर उपाय म्हणून २००० साली ‘शेफील्ड वन’ ही कंपनी स्थापन झाली. कंपनी म्हटले की नफा आठवतो. पण ही तशी पेढी नव्हती. महापालिका, केंद्र सरकारची विकाससंस्था आणि प्रादेशिक विकास मंडळ यांनी मिळून ती उभी केली होती. आराखडा करायचा, पैसेवाल्यांना एकत्र बसवायचे आणि कामाचा पाठपुरावा करायचा, हे तिचे काम. २००७ साली ती दुसऱ्या संस्थेत विलीन झाली.

आता प्रश्न असा, की तिने काम कसे केले? तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? काय काय बांधले ते मोजा! तर पाहा. २००१ साली मिलेनियम कलादालन उघडले. त्याला लागून लाकडी कमानींचे, सुमारे सत्तर मीटर लांबीचे काचेचे उद्यान झाले. २००६ साली रेल्वे स्टेशनपुढचा चौक नवा झाला. तिथे पोलादाच्या लांबलचक भिंतीवरून पाणी वाहते. उतरणाऱ्या पाहुण्याचे मन प्रसन्न होते.

पण थांबा. कलादालनाची आणि उद्यानाची योजना कंपनी जन्माला येण्याआधीच ठरलेली होती. त्यांना लॉटरीच्या निधीतून मदतही मिळाली होती. मग श्रेय कोणाचे? शेतकऱ्याला हे सांगायला नको. नवे खत घातले आणि त्याच वर्षी पाऊसही उत्तम झाला, तर भरघोस पीक खताचे की पावसाचे? म्हणून शहाणा शेतकरी एक वाफा खताशिवाय ठेवतो आणि मग ताडून पाहतो. शहराला असा वाफा नसतो. म्हणून तशाच दुसऱ्या शहराशी तुलना करावी लागते आणि विचारावे लागते, की कंपनी नसती तर यातले काय झालेच नसते?

दुसरी गोष्ट. आपला आठवडी बाजार फुलला, पण शेजारच्या गावचा उठला, तर तालुक्याचे काय वाढले? पेठेत आलेले दुकान नवे आहे, की पलीकडच्या गल्लीतून उठून आले आहे, हे बघायला हवे. आणि भट्टीपुढे वीस वर्षे राबलेल्या माणसाला त्यात काम मिळाले का, हेही विचारायला हवे.

तिसरी गोष्ट टिकण्याची. शेफील्डमध्ये दुकानांची एक मोठी नवी पेठ व्हायची होती. २००८ च्या आर्थिक मंदीत ती योजना अडकली आणि २०१३ साली महापालिकेने त्या विकासकाबरोबरचे काम थांबवले. पुढचे काम महापालिकेला स्वतःच हाती घ्यावे लागले. म्हणजे कंपनीची मुदत संपते त्या दिवशी हिशेब पुरा होत नाही. झाड लावल्याचे फोटो त्याच दिवशी निघतात. झाड जगले की नाही, ते दहा वर्षांनी कळते.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. २०१५ साली सुरू झालेल्या स्मार्ट सिटी योजनेत पुणे, नाशिक, सोलापूर येथेही अशाच स्वतंत्र कंपन्या निघाल्या. गुरुजींनी वर्गात मुलांना एक उद्योग द्यावा. जवळच्या बाजारपेठेत किती गाळे बंद आहेत आणि सकाळी एका तासात किती माणसे जातात, ते मुलांनी मोजावे आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवावे. पुढे तिथे सुधारणा होईल, तेव्हा हीच वही कामाला येईल. कारण आधीचे माप घेतलेले नसेल, तर वाढ किती झाली हे सांगणार कोण?