घर ऐंशी हजार युरोंचं, पण आवार कोणाच्या नावावर?

१९८५च्या जनगणनेत बल्गेरियाची लोकसंख्या सुमारे ८९.५ लाख होती. २०२१च्या जनगणनेत ती ६५.२ लाखांवर आली. छत्तीस वर्षांत २४ लाखांहून जास्त माणसं घटली. जन्मदर घसरला, तरुण जर्मनी, ब्रिटन, स्पेनकडे निघून गेले आणि सुमारे ५,००० खेड्यांना त्याचा सर्वांत मोठा फटका बसला. देशातल्या एक तृतीयांशाहून जास्त घरांत आज कोणी राहत नाही. खाली दगडी तळघर, वर कच्च्या विटांच्या भिंती, लाल कौलं आणि दारात द्राक्षांचा मांडव, अशी ही घरं. ती डागडुजी करून, परसात पोहण्याचा तलाव बांधून परदेशी ग्राहकांना विकली जातात. पुणे-मुंबईच्या दरांची सवय झालेल्या माणसाला त्यांची किंमत खोटीच वाटते.

उदाहरणादाखल ८०,००० युरोंचं घर धरू. (१ जानेवारी २०२६पासून तिथलं चलन युरोच आहे.) हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये मानले, तर किंमत ८० लाख. हस्तांतरण कर गावपरत्वे ठरतो आणि जास्तीत जास्त ३ टक्के असतो, म्हणजे २ लाख ४० हजार. दलाली ३ टक्के धरली तर तेवढीच रक्कम आणखी. शिवाय नोटरी, नोंदणी, वकील आणि दुभाषा. महाराष्ट्रातल्या मुद्रांक शुल्काच्या मानाने हस्तांतरण कराचं ओझं हलकंच आहे.

खरी अडचण जमिनीची आहे. बल्गेरियात युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला इमारत स्वतःच्या नावावर घेता येते, जमीन मात्र सहसा घेता येत नाही. त्यामुळे सोफियातला किंवा समुद्रकाठचा फ्लॅट भारतीयाला घेता येतो. खेड्यातलं घर मात्र आवारासकट विकलं जातं आणि तलाव त्या आवारातच असतो. यावर तिथले दलाल सर्रास एकच तोडगा सुचवतात: स्थानिक कंपनी काढा, जमीन कंपनीच्या नावावर घ्या. बल्गेरियाच्या कायद्यात तो चोख बसतो. कंपनी काढायला फारसा खर्च नाही, आणि कंपनी कर सरसकट १० टक्के.

पण भारतात राहणाऱ्या माणसाला दुसरा कायदाही पाळावा लागतो. स्वतःच्या नावावर परदेशात घर घ्यायला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी, आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात, आणि नवरा-बायकोला आपापली मर्यादा एकत्र करता येते. कंपनी काढली की तीच रक्कम परदेशातली थेट गुंतवणूक ठरते. २०२२च्या नियमांनुसार अशी कंपनी प्रामाणिकपणे व्यवसाय करणारी असावी लागते, आणि घर-जमिनीची खरेदी-विक्री हाच तिचा धंदा असेल तर गुंतवणुकीला मनाई आहे. शिवाय दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल द्यावा लागतो. उन्हाळ्यात चार दिवस पोहायला जाण्यासाठी घेतलेलं घर धरून बसलेली कंपनी या चौकटीत कशी बसवायची, हे दलाल सांगत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पैसे पाठवणाऱ्या बँकेचं लेखी उत्तर हातात पडेपर्यंत बयाणा देऊ नये. डबलिनमध्ये स्थायिक होऊन आयरिश पासपोर्ट घेतलेल्या मराठी माणसाला यातलं काहीच आड येत नाही. त्याच घराचं आवार तो थेट स्वतःच्या नावावर घेतो.

पैसे पाठवतानाही हिशेब बदलतो. वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापून घेते. ८० लाख एकाच्या खात्यातून गेले तर ७० लाखांवर १४ लाख. दोघांनी ४०-४० पाठवले तर प्रत्येकी ६, म्हणजे १२ लाख. विवरणपत्र भरताना ही रक्कम वळती होते किंवा परत मिळते, पण तोवर ती अडकून पडते. या कामासाठी भारतीय बँक कर्जही देत नाही. पुढे दरवर्षी प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची नोंद करावी लागते. ती दडवली तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो.

घर घेतलं म्हणून राहण्याचा हक्क मिळत नाही. १ जानेवारी २०२५पासून बल्गेरिया पूर्णपणे शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे कोणत्याही १८० दिवसांत फक्त ९० दिवस, आणि पॅरिसला लेकीकडे काढलेला महिनाही त्यातच धरला जातो.

आता तलाव. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ४८,००० लिटर पाणी मावतं, म्हणजे मराठवाड्यातले १२,००० लिटरचे चार टँकर. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी १६० लिटर हवेत जातं. पाऊण किलोवॉटचा पंप आठ तास चालला तर रोज ६ युनिट, शंभर दिवसांत ६००. आणि पोहण्याचा हंगाम साधारण शंभर दिवसांचाच. हिवाळ्यात पाणी गोठताना ९ टक्क्यांनी फुगतं. नळ्या वेळेत रित्या केल्या नाहीत तर फुटतात. ते काम गावातल्याच कोणाला तरी पगार देऊन करून घ्यावं लागतं.

घर बघताना जमिनीलगतच्या दोन फूट भिंतीवर हात फिरवावा. कच्च्या विटांना श्वास लागतो. वरून सिमेंटचा गिलावा थापला की ओल आत कोंडते आणि नवा रंग पहिल्याच हिवाळ्यात पापुद्रे धरतो. मालकीच्या नकाशावर तलाव आणि मागची वाढीव खोली दाखवली आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावं. आणि पाण्याची चौकशी दलालाकडे न करता गावच्या प्रमुखाकडे करावी: गेल्या उन्हाळ्यात नळाला किती तास पाणी होतं? २०२५च्या उन्हाळ्यात प्लेव्हेन शहरात पाणी ठरावीक तासच सोडलं जात होतं.