बॉनेटखालची धूळ

घोडबंदर रोड किंवा कल्याण-शीळ रस्त्यावरून रोज गाडी नेणाऱ्याने कधीतरी बॉनेट उघडून पाहावं. इंजिनावर धुळीचा थर, तेलाचा चिकटा आणि पुढच्या काचेखालच्या जाळीत सोसायटीतल्या झाडांचा पाचोळा. आधी हा पाचोळा काढा. तिथली निचऱ्याची भोकं बुजली की पावसाचं पाणी आत पायाशी येऊ शकतं. उंदरांनाही घरट्यासाठी तोच लागतो. वायरी कुरतडल्यात का, तेही बघून घ्या.

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. ऑल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाका. मग पाण्यात मिसळणारा डीग्रीझर, जुना ब्रश, ओलं फडकं. बहुतेक गाड्यांना एवढं पुरतं. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा मात्र इथे नकोच. पावसाचे शिंतोडे अडवणारं रबरी सील त्या दाबापुढे टिकत नाही, पाणी कनेक्टरमध्ये शिरतं आणि दोन दिवसांनी गाडी अडखळू लागते. रॉकेल-पेट्रोलने पुसायची जुनी सवयही सोडावी: रबर फुगतं, शिवाय आगीची भीती.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी केबल दिसली की हात मागे. ती उच्च दाबाची असते.

पावसाळ्यात डोंबिवलीच्या दमट हवेत कोनेकोपरे लवकर सुकत नाहीत. म्हणून मी हे काम ऑक्टोबरच्या उन्हासाठी राखून ठेवतो. फडक्याने टिपून बॉनेट दोन तास उघडं ठेवायचं. आणि हो, स्टार्टर मारण्याआधी त्या पिशव्या काढा.